‘ए’पासून ‘जी’पर्यंतचं इंग्रजी

नागपूर, मंगळवार

तीर्थस्वरूप जयवंताआत्यास, साहिलचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

कंबर कशी आहे? मामाजींचा खोकला भिवापूरच्या थंडीत वाढला तर नाही? मी इकडे मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. (फोनच केला असता, पण मामाजी फोन स्पीकरवर टाकून अंगणभर फिरतात आणि हा मजकूर अंगणातला नाही.)

तक्रार तुमच्या मुलाची आहे. ‘उन्मेषदादाच्या खोलीवर राहा, काही शिकशील’ म्हणून तुम्हीच मला दोन महिन्यांपूर्वी पाठवलंत. दादा बँकेत जातो एवढंच तुम्हाला माहीत. पण रोज सकाळी सात वाजता तो बिल्डिंगच्या ग्रुपवर इंग्रजीतला एक मेलेला शब्द टाकतो, अर्थासकट. परवाच्या दिवसाला साहेब लोक म्हणे एकेकाळी ‘ओव्हरमॉरो’ म्हणत, मग त्यांनी तो शब्द टाकून दिला. (आपण परवा ठेवला, तेरवाही ठेवला, पण आपल्याला कोणी टाळ्या पाठवत नाही. दादाला सतरा जणांनी पाठवल्या.) आणि तळमजल्यावर ट्यूशन घेणारी नूपुर प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायला दोन जिने चढून वर येते. अर्थ ग्रुपवर लिहिलेलाच असतो, आत्या! मग वर काहून येते?

गेल्या आठवड्यात मी सीताबर्डीच्या बाजारात गेलो. निघालो होतो चपला घ्यायला, पण वाटेत एकाची बंद पडलेली ई-रिक्षा ढकलली, त्याने चहा पाजला, चहावाल्याचा भाऊ आपल्या कळमेश्वरच्या ओळखीतला निघाला, अशात दुपार गेली. शेवटी फुटपाथवर एक जाडजूड जुनी डिक्शनरी मिळाली. (चपला राहिल्या.) घरी येऊन पाहतो तर ‘जी’नंतर पानंच नाहीत, त्यामुळे माझी विद्वत्ता जीपाशी संपते. तरी दादाला पुरेल इतका माल निघाला. कॉकलोरम, म्हणजे ठेंगणा असून तोरा मिरवणारा. (दादाची उंची तुम्हाला माहीत आहे.) फजेल, म्हणजे काम करतोय असं दाखवून काहीच न करणं. गाँगूझलर, म्हणजे कालव्याकाठी उभा राहून उगाच नावा बघत बसणारा. हा भलत्याच कोणाला लागू पडेल असं वाटलं, म्हणून पान उलटलं. आणि सापडला ‘ग्रोक’! दुसरा जेवत असताना आपल्यालाही बोलावतील या आशेने टक लावून पाहत राहणं. आता हा दादाला सगळ्यांसमोर मारायचा, असं ठरवून टाकलं.

रविवारी बिल्डिंगची रोडग्यांची पार्टी होती, कळमेश्वर रोडवरच्या एका शेतात. गोवऱ्यांच्या आरात रोडगे, वर वांग्याची भाजी. नूपुरच्या रोडग्यावर तूप सढळ पडावं म्हणून मी वाढायला उभा राहिलो. तिथेच चुकलं. वाढणारा शेवटच्या पंगतीला बसतो, हे मी इकडचाच असून विसरलो. दादा मात्र पहिल्याच पंगतीत, नूपुरशेजारी, उन्हात. तिला सांगत होता की थंडीतल्या उन्हाच्या उबेला ‘ॲप्रिसिटी’ म्हणत. ‘ए’चा शब्द, आत्या! माझ्या हद्दीतला! पण मी वाचायला ‘सी’पासून घेतलं होतं. (ए आणि बीवर मी चहा सांडला होता.)

मी तुपाची वाटी घेऊन तिथेच उभा. नूपुर म्हणाली, “काय गा साहिल, असा काहून पाहून राहिला? भूक लागली का?”

दादा म्हणाला, “याले इंग्रजीत एक जुना शब्द आहे बरं.” आणि सांगितला. अर्थासकट. मी दोन दिवस घासूनपुसून ठेवलेला! अख्खी पंगत हसली. नूपुरला तर हसता हसता ठसका लागला, तेव्हा दादाने स्वतःचा पेला तिच्यापुढे केला आणि ती त्यातलं पाणी प्यायली. त्या उष्ट्या पाण्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते कोणी सांगितलं नाही.

तर असा तुमचा मुलगा आहे. बाकी सर्व ठीक. मामाजींना नमस्कार.

तुमचा भाचा,
साहिल

ता. क. काल दादा बँकेत असताना नूपुर वर आली. माझ्याकडेच आली होती. मी घाईने केस विंचरले. म्हणाली, “तू चांगलं लिहितोस म्हणतात. उन्मेष एवढे शब्द जमवून राहिला, अन् आईले सांगायले त्याले एक सापडत नाही. सहा महिने झाले, उद्या सांगतो, उद्या सांगतो. तूच लिही ना गा.” म्हणून लिहितो. त्या दोघांना लग्न करायचं आहे. तुम्ही आणि मामाजींनी येऊन मुलगी बघावी. मुलगी चांगली आहे. (हे तिने लिहायला सांगितलेलं नाही.)

ता. क. मामाजींना वाचून दाखवाल तेव्हा पहिल्या ता. क.पासून सुरू करा.

ता. क. येण्याची घाई करू नका. मिरचीचा तोडा चालू असेल, तो उरकूनच या. त्यानंतर दुसरा निघतो, तिसराही निघतो म्हणे. सगळे उरकू द्या.