हातची राखलेली बाही

ता. ९ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी कॅमेरावाली फौज परवा परत गेली आणि माझी खुर्ची आज सापडली. कपाटामागे! मी शिवणवर्ग चालवणारी बाई आहे, सिनेमातली नटी नाही, हे त्या पोरांना किती वेळा सांगितलं, तरी जरा थांबलं की एकजण येऊन माझ्या नाकाला पावडर फासायचा. खाली सायकलवाल्याने चाकात हवा भरायला घेतली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो बिचारा शेवटी गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून गप्प करत होता.

फोनवर मी भांडते, पत्रात निदान तुला वाक्य पुरं करता येतं, असं तुझं म्हणणं. बरं बाबा, लिहून भांडते. तुझ्या कागदावर मी सही केली खरी, पण अजून मनाला पटलेलं नाही. माझे पाठ कुणीही फुकट बघावेत, उतरवून घ्यावेत, हे एकवेळ समजू शकते. पण कुणीही त्यात हवे ते बदल करावेत, पुढे वाटावेत, आणि मूळ कुणाचं तेवढं सांगितलं की झालं, हे काय खूळ? आपले आप्पा उभा जन्म कटिंग मास्तर होते. त्यांची कोटाची कापणी बघायला लांबलांबचे कारागीर यायचे. उद्या कुणी उपटसुंभ उठेल, त्या कोटाला शेपूट लावेल आणि वर नाव आप्पांचं टाकेल! आणि सगळंच घरबसल्या मिळालं तर मी वर्गात काय माशा मारत बसू? आप्पांच्या माघारी हा वर्ग मी जिवापाड सांभाळलाय, तो असा उधळून टाकायला नव्हे.

पण तुझ्या मुक्त शिक्षण विभागात तुझं नाक वर राहावं म्हणून हो म्हटलं. आजवर तुझे कमी लाड झालेत का? गुडघा शेकत जा, नुसतं मलम चोळून भागत नाही. तुझ्या बायकोला सांग, तिच्या ब्लाऊजचं कापड कधीचं येऊन पडलंय, माप पाठव.
भांडले तरी माया कमी झालेली नाही, तूही होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन, नटीबाई! तुझे पाठ सगळ्यांसाठी खुले झाले आणि माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग लागला. एका शिक्षिकेच्या विद्यार्थिनींना ऐकू येत नाही, तर तिने तुझं सगळं बोलणं शब्दन् शब्द चित्राखाली लिहून काढलं. अगदी तू मध्येच सायकलवाल्यावर ओरडलीस तेसुद्धा! आणखी कुणीतरी पहिले चार पाठ स्वतःच्या भाषेत नेले. यातल्या कुणालाही माझी परवानगी मागावी लागली नाही. सही केलीस ती याचसाठी.

आता जरा वाकडं बोलतो, रागावू नकोस. कोटाच्या बाहीचा पाठ मी पुन्हा पुन्हा पाहिला. मुंढा कापून होतो, म्हणजे बाही जिथे बसायची ती खांद्याजवळची गोलाई. मग तू कॅमेऱ्याकडे बघून सगळ्यांनी चहा घ्या म्हणतेस, चित्र थांबतं, आणि पुन्हा सुरू होतं तेव्हा बाही कापून तयार! मधल्या मधे बाही कुणी कापली, पऱ्यांनी? फौजेला विचारलं, तर ते म्हणाले की बाईंनी फार आग्रहाने चहाला पाठवलं. ताई, मी तुला ओळखून आहे.

सोबत एका बाईंचं पत्र जोडलंय. वाच आणि मग काय ते ठरव. मी मध्ये पडणार नाही (पडलोच तर गुडघ्यावर पडेन).
पाठीत धपाटा घातलास तरी लोभ ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
शेंडेफळ


(सोबतचे पत्र)

आदरणीय शिवणबाईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमचा आवाज रोज ऐकते. मी एका दवाखान्यात चादरी-पडदे शिवते. सरळ टीप मारता येते, कापणी येत नव्हती. शिकायला बघितलं तर बाकीचे धडे एकतर पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हते, नाहीतर मला न कळणाऱ्या भाषेत होते. तुमचे उघडले आणि समजलेही. शर्ट जमला, परकर जमला, तेव्हा हिंमत करून कोटाला हात घातला.

कोट माझ्या मुलीसाठी आहे. तिचा डावा खांदा जन्मापासून खाली आहे. जुन्या शाळेत पोरं तिला तराजू म्हणायची. आता एप्रिलमध्ये नवी शाळा उघडेल, तिथे सगळ्यांना कोट लागतो. तयार कोट तिच्या डाव्या खांद्यावरून घसरतो. असा कोट घालून मी त्या शाळेत पाऊलही टाकणार नाही, असं तिने मला स्पष्ट सांगितलंय, आणि ती माझ्यासारखीच हट्टी आहे. म्हणून मी तिला शब्द दिला की मी शिवेन.

जुन्या चादरीवर दोनदा कापून पाहिलं. दोन्ही वेळा बाही पुढे ओढली जाते आणि वर चुण्या पडतात. बाहीचा पाठ इतक्यांदा बघितला की मुलगी मला चिडवते, पण चहाच्या वेळी तुम्ही काय केलंत ते दिसत नाही. माझं काय चुकतंय, तेवढं सांगाल का?
कष्ट देते आहे, पण आपलेपणा मानून घ्या.

आपली एक विद्यार्थिनी


ता. २६ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हो, पाठवलं चहाला! मग? बाहीची गोलाई आली की आप्पा सगळ्या शिष्यांना खडू आणायला पिटाळायचे, हे तू विसरलास? टेबलावर डबा भरून खडू असायचे, तरी सगळे निमूट जायचे, कारण का पाठवलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. धंद्यात थोडं हातचं राखावंच लागतं. त्या एका बाहीसाठी माणसं आप्पांकडे परत परत यायची, म्हणून आपल्या घरात चूल पेटायची. तुझ्या फीचे पैसे कुठून आले वाटलं तुला?

आणि मला तरी कुणी पाटावर बसवून शिकवलं? मीही खडूच आणला. आप्पांचा एक जुना कोट शेवटी उसवत बसले, टाका टाका मोजत, तेव्हा कुठे कळलं. तोवर माझे केस पांढरे व्हायला लागले होते. माझ्या हातच्या विद्येवर मी पाणी सोडावं, असं तुला म्हणायचंय का?

ते पत्र मी परत पाठवणार होते. इस्त्रीच्या टेबलावर ठेवलंय. येता-जाता दिसतं आणि डोकं फिरतं. तराजू म्हणे! कार्टी मेली, दुसरं काही सुचत नाही त्यांना.
माझा राग तुझ्यावर नाही, हे तुला कळतंच. कळत नसलं तर कळून घे.

ताई


ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फी आठवते, चूलही आठवते. आणखी एक आठवतं. तुला गल्लीत सगळे कलंडी म्हणायचे. आप्पांनी तुझ्या डाव्या खांद्यासाठी किती झगे उसवले आणि शिवले, आणि तरी एकही धड बसला नाही. तेव्हापासून तू उजव्या खांद्यावर पिशवी अडकवतेस, वर उचललेला खांदा पिशवीमुळे आहे असं वाटावं म्हणून. घरातल्या घरातसुद्धा! लहान होतो, पण आंधळा नव्हतो.

आप्पा वाईट नव्हते ताई, पण त्यांनी स्वतःच्या लेकीलाही खडू आणायला पाठवलं, हे मला तुझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. वाचून फार वाईट वाटलं. त्या बाईंकडे उसवायला आप्पांचा कोट नाही, आणि त्यांच्या मुलीकडे केस पांढरे होईपर्यंत वेळ नाही. यापुढे मी एक अक्षर बोलणार नाही.
तू जे करशील त्यात मी तुझ्या बाजूचा.

शेंडेफळ


ता. ७ मार्च

प्रिय लेकीच्या आईस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं काही चुकत नाही. मी सांगितलं नाही, म्हणून चुकतंय. तुम्ही बाहीची वरची गोलाई मुंढ्याइतकीच कापता आहात. ती थोडी मोठी ठेवा. ही जास्तीची लांबी मागच्या बाजूला घ्यायची, पुढे जवळजवळ काही नको. कडेने बारीक धावदोरा घाला, हलकेच ओढा आणि वाफेची इस्त्री फिरवा. चुणी न पडता ती लांबी कापडात मुरते आणि हात पुढे केला की बाही ओढत नाही. एवढंच आहे ते. लिहायला चार ओळी पुरल्या, हे बघून मलाच कसंतरी झालं. चित्र काढून सोबत जोडलंय.

खांद्याचं मात्र मला नीटसं येत नाही, खोटं कशाला बोलू. माझाही डावा खांदा खालीच आहे. आमचे आप्पा नेहमीसारखं कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापायचे आणि माझ्या खालच्या खांद्यात कापसाची गादी भरायचे. ती टोचते आणि सरकते, पण दुसरा उपाय त्यांनाही सापडला नाही. तुम्हाला काही सुचलं तर बिनधास्त करून बघा. आणि तुमच्या मुलीला सांगा की ती हट्टी आहे हे मला फार आवडलं.
परकं समजू नका, अडलं की लिहा.

तुमची,
शिवणबाई


ता. १८ एप्रिल

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

बाही बसली! पहिल्याच खेपेला! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण धावत आली.

मात्र एक आगाऊपणा केलाय. गादी भरून बघितली तर मुलगी म्हणाली की मी उशी घेऊन शाळेत जाणार नाही. मग मी कापड दुमडलंच नाही. तिच्या दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली, दोन कागद कापले, डाव्या बाजूचा खांदा आणि त्याबरोबर सगळा मुंढाच खाली उतरवला. तिचा खांदा कोटासारखा होत नव्हता, म्हणून कोटच तिच्या खांद्यासारखा केला. बाही तुमच्याच पद्धतीने. पहिल्या दिवशी ती कोट घालून गेली. संध्याकाळी आली ती नव्या मैत्रिणीच्या कुत्र्याबद्दल बोलत आली, कोटाचं नावसुद्धा काढलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

तुमच्या भावाने सांगितलं की पाठ बदलायला मुभा आहे, म्हणून माझे दोन्ही कागद तुमच्या पाठाला जोडून सगळ्यांसाठी ठेवलेत. वर लिहिलंय की मूळ कापणी आप्पांची, शिकवली त्यांच्या मुलीने. चुकलं असेल तर सांगा, काढून टाकते.
तुमची माया आमच्या घरावर राहू द्या.

तुमची विद्यार्थिनी


ता. ६ मे

चि. शेंडेफळास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

बाहीचा पाठ पुन्हा घ्यायला तुझी कॅमेरावाली पोरगी येऊन गेली. गोलाईपाशी आले आणि सवयीने तिला म्हटलं की जरा खडू घेऊन ये. ती निघालीसुद्धा! तिला अर्ध्या जिन्यातून हाका मारून परत आणली. मग सगळं दाखवलं, धावदोऱ्यापासून इस्त्रीपर्यंत. जिन्यातल्या माझ्या हाका त्यात आल्यात, पण त्या तू कापू नकोस, तशाच राहू दे.

वर्गात माशा मारते आहे का, म्हणून फोनवर विचारलंस. टोमणा कळला. चार नव्या जणी आल्यात. पाठ बघून सरळ कापणी घरी शिकून आल्या, आता हाताखाली बसून कोट शिकायचाय म्हणतात. एकीला मीच आठवा पाठ बघून ये म्हणून परत पाठवलं. त्यामुळे मला तेच तेच सांगत घसा कोरडा करावा लागत नाही आणि हात धरून शिकवायला वेळ उरतो. तुझंच बरोबर होतं, आता डोक्यावर चढून बसू नकोस.

त्या माउलीचे दोन कागद मी उतरवून घेतले. शेपूट लावलेलं नाही रे कुणी, खांदा लावलाय. वर आप्पांचं नाव वाचलं आणि वाटलं, आप्पा असते तर आधी चिडले असते आणि मग दार लावून एकटेच कापून बघायला बसले असते. मीही बसले. मला स्वतःची मापं घेता येईनात, तेव्हा त्या चौघींनी घेतली. डावी वेगळी, उजवी वेगळी. डाव्या खांद्याला टेप लावून घ्यायची मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण त्यांनी आकडा सांगितला आणि लिहून टाकला, इतकंच.

करड्या रंगाचा कोट झालाय. काल घालून वर्गात गेले. सायकलवाल्याने मान वर करून बघितलं आणि बाई आज काही विसरलात का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही बुवा, काही नाही. वर जाऊन कापायला उभी राहिले, कात्री घ्यायला उजव्या खांद्याकडे हात नेला, तेव्हा लक्षात आलं. पिशवी घरीच राहिली होती.

कात्री एका मुलीची मागून घेतली. तुझ्या बायकोचं माप अजून आलेलं नाही. दोघांवरही माझा जीव आहे, तो तसाच राहील.

तुझी,
ताई