घंटेच्या दोरीच्या आत

हॅदरशॉ,
१४ मार्च १९२१

चि. एडविन यास,

हॅना आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझी खुशाली शेजारच्या डोरिसकडून कळते, कारण गल्लीच्या त्या टोकाला राहूनही तू इकडे फिरकत नाहीस. माझे गुडघे थंडीने कुरकुरतात. मांजर बरी आहे. तुझ्या बायकोने पाठवलेला आल्याचा केक खालून जरा करपला होता, पण संपवला. तिला करपल्याचं सांगू नकोस.

आता भांडणाचं.

काल चर्चहून येताना मैदानाच्या फाटकावर नोटीस वाचली. क्रिकेटची खेळपट्टी बुधवारी नांगरणार आणि तिथे प्रेक्षकांसाठी छपराची बैठक बांधणार. खाली बॅगशॉची सही. ती असायचीच; क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून त्या माणसाला सह्या करायला कागद पुरत नाहीत. पण त्याखाली चिटणीस म्हणून तुझी! माझ्या सख्ख्या भावाच्या पोराची! चष्मा पुसून पुन्हा वाचली मी.

बॅगशॉ तिथेच होता. म्हणाला, "मिसेस क्लेग, हा फुटबॉलचा क्लब आहे. क्रिकेट म्हणजे पाद्रीबाबांच्या पोरांचा उन्हाळी चाळा. लोकांना आता डोक्यावर छप्पर हवं."

"इतकी वर्षं पावसात उभं राहून ओरडलात," मी म्हटलं, "तेव्हा नाही विरघळलात ते?"

टोपी उचलून गेला निघून.

अरे, फुटबॉल क्लब काय आभाळातून पडला? सेंट चॅडच्या बायबल वर्गातली पोरं क्रिकेट खेळायची. सप्टेंबर सरला की बॅटी कपाटात आणि पोरं गुत्त्यात. धाकटे पाद्री थ्रेल यांना ते बघवेना. त्यांनी चामड्याचा मोठा चेंडू आणला. "हिवाळाभर हा लाथाडा," म्हणाले, "पण रविवारी वर्गाला या." तुझा बाप त्या पहिल्या संघात होता. पहिला गोल त्याचाच. पण आनंद करायचा सोडून सगळे पंचाकडे वळून "हाऊज दॅट?" ओरडले. पंचही क्रिकेटचाच, त्याने बोट वर केलं. झालं! तुझा बाप आपण बाद झालो समजून मान खाली घालून मैदानाबाहेर चालू लागला. त्याला परत आणायला थ्रेलसाहेब झगा सावरत धावले होते.

त्यांची अट एकच होती. खेळपट्टीला बूट लागायचा नाही. ती फुटबॉलच्या मैदानाच्या कडेलाच, म्हणून चर्चच्या घंटेची जुनी दोरी तिच्याभोवती बांधली. चेंडू आत गेला की ज्याने मारला त्याने बूट काढायचे आणि मोज्यांवर जाऊन तो आणायचा. तोवर खेळ थांबायचा, घड्याळ मात्र थांबायचं नाही. बाहेरगावचे संघ खिदळायचे, "काय रे, गवताच्या पाया पडता का?"

पडतो म्हणावं!

हे तुला मी सांगायला हवं का? चौदा सालच्या चषकाच्या सामन्यात गोलकीपर तूच होतास. आपण एका गोलने मागे, वेळ संपत आलेली, आणि चेंडू दोरीच्या आत. आमचा टॉम खाली बसून नाड्या सोडायला लागला. चिखलाने गाठी घट्ट झालेल्या. सगळं गाव बोंबलत होतं, "जा तसाच! कोण बघतंय?" बॅगशॉचा आवाज सगळ्यांच्या वर. तूही गोल सोडून धावत आलास. "टॉम, खड्ड्यात गेलं ते गवत, जा!"

त्याने वर बघून काय उत्तर दिलं, ते पुढे तूच हसत हसत सगळ्यांना सांगायचास. "आई बघतेय."

एक बूट निघाला आणि शिट्टी झाली. चषक गेला.

बॅगशॉ म्हणतो, बैठकीवर पितळी पाटी लावू, लढाईत गेलेल्यांची नावं कोरू, टॉमचं सगळ्यात वर. कोरा बापडे. पितळेचं मी काय करू? बाकीच्या आयांना फ्रान्समध्ये कुठेतरी एक क्रूस तरी आहे. माझ्या पोराचं त्या चिखलात काय झालं, ते सरकारलाही ठाऊक नाही. मला आहे ती ही एवढी हिरवळ. दर एप्रिलला माझी शिवणाची कात्री पळवून तिच्या कडा कापत बसायचा, आणि धार पार घालवून आणून द्यायचा.

हे भांडणात आणायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले होते.

असो. बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन मी दोरीच्या आत बसणार आहे, मोज्यांवर. विणकामही नेणार आहे, तेव्हा मला घाई नाही. नांगरवाल्याचा घोडा समजूतदार आहे, तो थांबेल. बॅगशॉने हवं तेवढं ओरडावं, त्याला सवय आहे. मला उठवायला चिटणीस म्हणून तुलाच पाठवतील.

ये. पण दोरीपाशी बूट काढ, एडविन. मी बघतेय.

टॉमची आई,
आणि बुधवारपर्यंत तरी तुझी आत्या,
हॅना