वळिवड्याचे उपकार

आईस, शिकागोहून यशराजचा पाया पडून नमस्कार.

फोनवर तू रडतीस, म्हणून कागदावर लिहितोय. खोली मिळाली. मालकीण पोलिश हाय. तिची आजी महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आसऱ्याला हुती, म्हणून भाडं कमी धरलं.

हितं पोलिश लोकांची स्वतःची घरं हायत. कोलंबियाची माणसं त्याच घरांच्या तळघरात भाड्यानं राहत्यात आणि वरच्या फरश्या पुसत्यात. दोघंही बाहेरनंच आल्यात की! पण आधी आलेला मालक झालाय.

माझ्या खोलीत कोलंबियाची मार्ता राहायची, लेकीला घेऊन. मालकिणीनं माझ्यासाठी त्यांना काढलं.

तुझं गुडघं दुखायचं थांबलं का?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मालकिणीनं जेवायला बोलावलं. त्या दिवशी पोलिश लोक एक ताट जास्तीचं मांडत्यात, अचानक आलेल्या पावण्यासाठी. बसतोय तोवर बेल वाजली. बाहेर बर्फात मार्ता आणि तिची लेक, एका रात्रीपुरता आसरा मागत हुत्या. मालकीण म्हणाली, "तूच सांग, जागा न्हाय." मी सांगितलं आणि दार लावलं.

मग ते जास्तीचं ताटही तिनं माझ्यापुढं सरकवलं. म्हणाली, "कोल्हापूरच्या माणसांचं उपकार आम्ही विसरत न्हाई."

पोटभर जेवलो, आई. माझ्या जेवणाची काळजी करू नको.

तुझा,
यशराज