शोकेसमधली शिराझ

साहेब, काल तुमची बाटली उघडली. आतली वाइन आंबून गेली होती. रंग विटकरी, वास व्हिनेगरचा. बूच इतके वाळले होते की त्याचा भुगा पेल्यात पडला. पत्नीला जाऊन चार महिने झाले, तुम्हाला जाऊन बारा वर्षे. चव घ्यायला मी एकटाच उरलो होतो, आणि पहिला राग आला तो तुमचा.

चाकणच्या कारखान्यात तुम्ही मला घडवलेत, असे लोक म्हणतात. मला मात्र एकच सकाळ आठवते. एक शाफ्ट मी गेज न लावता, नुसत्या नजरेने पास केला होता. तुम्ही सर्वांसमोर म्हणालात, "अंदाजानंच काम करायचं असेल तर मंडईत भाजी विका, राव!" त्या दिवसापासून मी अंदाज या गोष्टीला आयुष्यात थारा दिला नाही, आणि माझी पत्नी तर मीठसुद्धा अंदाजाने घालणारी.

तेरा वर्षांपूर्वीचा तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही संत तुकाराम नगरला आमच्याकडे जेवायला येता. तिचे काळ्या मसाल्याचे मटण. तुमच्या कपाळावर घाम, नाक लाल, तरीही वाटी पुन्हा पुढे. जेवणानंतर पिशवीतून शिराझची बाटली काढून तुम्ही आम्हाला समजावता: हे द्राक्ष काळे, जाड सालीचे, मिऱ्याचा झणका वाइनमध्ये द्राक्षातूनच येतो, मटणाच्या चरबीने तिचा तुरटपणा मवाळ होतो, मात्र तिखट जास्त झाले तर घसा जाळते.

"मग मी तिखट जरा हात आखडून घालते," ती म्हणते.

"वहिनी, तिखट कमी केलंत तर मी पुन्हा जेवायला येणार नाही!"

ती तोंडावर हात ठेवून हसते.

पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. बाटली हॉलमधल्या शोकेसमध्ये, माझ्या मानचिन्हाशेजारी उभी राहिली. पाहुणे आले की मी त्यांना द्राक्षाची जात सांगत असे. रविवारी मटण शिजले की ती विचारी, "अहो, आज उघडायची का?" योग्य पेले नाहीत, तिखट जास्त आहे, साहेबांनी सांगितले आहे, अशी माझी उत्तरे. "साहेब काय वरून बघतायत होय?" ती चिडवी. आजारपणात तिची चव गेली, तेव्हा म्हणाली, "नुसता वास तरी द्या की हो." मी म्हणालो, "बरी झालीस की रीतसर उघडू." रीतसर. हा शब्द मी तुमच्याकडूनच उचलला.

काल खानावळीतून मटण आणले. तिखट बेताचे, मीठ मोजून घातल्यासारखे. त्याबरोबर तो आंबट घोट घेतला आणि तुम्हाला पुष्कळ बोललो.

हा कागद कोठेही जायचा नाही, म्हणून एवढे लिहितो. त्या दिवशी तुम्हाला सोडायला मी खाली आलो, तेव्हा गाडीचे दार धरून तुम्ही म्हणाला होतात, "पेले नसले तर फुलपात्रातून प्या, पण दोन वर्षांत संपवा. आणि तोवर आडवी ठेवा, नाहीतर बूच वाळेल." हे मी तिला कधीच सांगितले नाही. विसरलो नव्हतो. आडवी ठेवली असती, तर पाहुण्यांना लेबल दिसले नसते.