उघडी पाठ

सौंसर,
८ डिसेंबर १९८६

चि. मुकुंदास ताईचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा कमी.

सरलाकाकू मोहगावहून मुद्दाम आल्या. नागपूरच्या प्रदर्शनात तुझ्या फोटोला बक्षीस मिळालं म्हणाल्या, आणि मग बाजेवरची ती उघड्या पाठीची बाळंतीण मीच का, असं हळूच विचारलं. मी माहेरी बाळंत झालेली, खाली शेकाची शेगडी, अंगाला तेल, आणि दाराच्या फटीत सख्खा भाऊ कॅमेरा घेऊन! लग्नांत मिटल्या डोळ्यांच्या नवऱ्या टिपणारा तू, एकदम कलावंत झालास. फोटो आणि निगेटिव्ह ताबडतोब पाठव.

तुझी (अजून तरी) ताई,
प्रतिभा

पांढुर्णा,
१२ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आई बरी आहे. बाळाचा खोकला गेला का? तू उगाच तापतेस. चेहरा कुठेच दिसत नाही. ती तू नाहीसच, ते ‘मातृत्व’ आहे. जानेवारीत फोटो भोपाळच्या प्रदर्शनाला जाईल. आधी विचारलं की माणूस सावरून बसतो आणि कला मरते. सौंसरला हे कळायला वेळ लागेल.

माया कमी करू नये.
तुझा मुकुंद

सौंसर,
१५ डिसेंबर

चि. मुकुंदास, आशीर्वाद उरले तर कळवीन.

चेहरा नाही, पण माझ्या अंगाखाली आईची गोधडी आहे, शहाण्या! आत्याचं चौकड्याचं लुगडं, माझी मोठ्या फुलांची साडी, सारं नातं तिचा तुकडा न तुकडा ओळखतं. काकूंनी त्यावरूनच ओळखलं. सासूबाई बोलत नाहीत. मोरीत कडी लावून आंघोळ करतानाही कोणी बघून राहिलं असं वाटतं मला.

मातृत्व म्हणे! रविवारी मीच कॅमेरा घेऊन येते. बनियन काढून बस. जाम नदीतही तू ते घालूनच पोहायचास, आणि पाठीवरच्या तुझ्या पांढऱ्या कोडाबद्दल मी कधी कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. चेहरा नको मला. तू सावरायच्या आत फोटो काढीन आणि भोपाळला पाठवीन.

ताई

पांढुर्णा,
१८ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

फोटो आणि निगेटिव्ह सोबत आहेत. भोपाळला नकार कळवला. रविवारी येऊ नकोस.

मुकुंद

सौंसर,
२२ डिसेंबर

चि. मुकुंदास,

पाकीट मिळालं. निगेटिव्ह चुलीत घातली. फोटो घालण्याआधी अंगणात उजेडात नेऊन पाहिला. मी इतकी सुंदर दिसते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. हे तुला जन्मभर टोचावं म्हणून लिहून राहिले.

आईला नमस्कार. तुला काही नाही.

प्रतिभा