दुसऱ्या हाताचा घास

आई, आज दुपारी घरात कुणी नाही म्हणून लिहायला बसले आहे. लिहून झाल्यावर कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयानं कितीतरी थोरली आहे. थकलेय गं. शरीर थकायचंच, त्याचं काही नाही, पण आठवून आठवूनही माणूस थकतो. आणि आठवतं काय, तर तो राघू.

आबांनी त्याला चैत्रात ओझरहून आणलं. वाटेवरचं वाळकं झाड कुणी पाडलं होतं, त्याच्या ढोलीत हे पिल्लू सापडलं. अंगावर पिसं नाहीत, नुसतं डोकं आणि चोच. तू कपाळाला हात लावलास. निमगावच्या आपल्या रानात पौषभर माळ्यावर उभी राहून ज्वारीवरचे पोपट गोफणीनं हाकलणारी बाई तू, आणि नवऱ्यानं त्यातलाच एक पदरात आणून टाकला. आता चोराला घरी बसवून जेवू घाला, म्हणालीस, आणि लगेच चिंध्या शोधायला उठलीस. चिंध्यांची टोपली चुलीपासून अशी लांब ठेवलीस की ऊब लागेल पण धग लागणार नाही. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून बोटावर घ्यायची आणि चारायची, हे काम माझं. गळ्याखालची पिशवी फुगली की थांबायचं. तो मेला खादाड, चोच उघडीच ठेवायचा, पण तू म्हणायचीस की मागणाऱ्याला आपलं पोट कळत नाही, ते चारणाऱ्याला कळलं पाहिजे. पिसं फुटली तसा तो चावायला लागला. मी एकदा चापट मारायला हात उगारला, तर तू तो वरच्या वर धरलास. त्याचे डोळे बघ म्हणालीस. बुबुळ लहानमोठं होतंय, मान फुगलीय, भ्यालाय तो, मग आत हात घालतेस कशाला? झोपण्याआधी तो चोच चोचीवर घासून करकर वाजवायचा, ती त्याची सुखाची वेळ असते हेही तेव्हाच कळलं. पावसाळा सरेपर्यंत तो माझा झाला. दुसऱ्याच्या हातची पेरूची फोडसुद्धा फेकून द्यायचा. मला त्याचा केवढा तोरा होता.

दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं, वैशाखातलं. सासर घोड नदीच्या खोऱ्यात, डिंभ्याच्याही वरच्या अंगाला, तिथं तेव्हा बैलगाडीही धड जात नव्हती. सुपारी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "आजपास्नं राघूला तू चारायचं न्हाई." कारण सांगितलं नाहीस. शेजारी राहणाऱ्या काकीला, तुझ्या जावेला, ते काम दिलंस. त्यानं डाळ उधळली, दिवसभर कर्कश ओरडला, छातीची पिसं उपटून कातडी लाल केली. मला बघवेना. तू पाणी आणायला गेलेली बघून मी त्याला मिरची द्यायला गेले, आणि तू नेमकी परत आलीस. मारशील असं वाटलं होतं. तू हंडा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "तुझी ही मायाच त्याला उपाशी मारंल. वैशाखानंतर त्यानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

इथवर तुझं मला पटलंही असतं. पण मी घरातलं शेंडेफळ, रोज संध्याकाळी तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा लोणी लावून तू माझ्या तोंडात घालायचीस. तेही त्याच दिवसांत बंद झालं. भाकरी ताटात पडायला लागली. मग काकीला मदत हवीय म्हणून तिच्याकडं जेवायला धाडलंस, नंतर महिनाभर जुन्नरला मामीकडं. मामीच्या हातचं तिखटजाळ कालवण गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं, ते सगळंच तिखटाचं नव्हतं. लग्नाआधीच आईनं आपल्याला परक्याचं करून टाकलं असं मी धरून चालले. तुझा राग आला होता, आई. सासरी निघताना मी तुझ्या गळ्यात पडले ती चारचौघांसाठी.

पंचमीला पहिल्यांदा माहेरी आले तर राघू काकीच्या खांद्यावर बसला होता. काकी चारत होती, भाऊ चारत होता, दाढी करायला आलेला न्हावीही चारत होता. मी मिरची पुढं केली. त्यानं ती घेतली, जशी कुणाच्याही हातून घेतली असती तशी. चावला असता तर बरं वाटलं असतं. मी पिंजऱ्यापाशी बसून रडले. तू भाकरी थापत होतीस, वळलीसुद्धा नाहीस.

"रडतीस कशाला? जगला न्हवं?" म्हणालीस. आणि मग खाली बघूनच, "सासूच्या हातचं तुझ्या घशाखाली उतरतंय का?"

उतरतंय, म्हणाले मी. खरंच उतरत होतं. सासू कोरड्या जिभेची होती, नाचणीची भाकरी पुढ्यात टाकायची, पण मी उपाशी राहिले नव्हते. ते ऐकून तुझा हात परातीत तसाच थांबला. तेव्हा कुठं मला दिसलं की तुझी चोळी दंडावर सैल झाली आहे. काकी नंतर मला म्हणाली, पोरी, तू सासरी गेल्यापासून तुझ्या आईचं जेवणावर लक्षच नाही. आम्हा दोघांना दुसऱ्या हाताची सवय लावलीस आणि स्वतःचं तेवढं राहून गेलं. हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या दोन उन्हाळ्यांत तू गेलीसही.

मी मात्र तू लावलेल्या सवयीवर जन्म काढला. मिळेल त्याच्या हातचं खाल्लं, आणि पुढं आयुष्यभर बाकीच्यांना वाढलं. भरवलं कुणी नाही, मी मागितलंही नाही. दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. सून नोकरी करते, दमून येते, तरी पहिल्या संध्याकाळी वरणभात कालवून घास पुढं केला. मी ओठ मिटून घेतले. माझे डोळे कसे दिसत होते कोण जाणे, पण ती मागं लागली नाही, घास हातात धरून नुसती बसून राहिली. शेवटी मीच तोंड उघडलं.

प्लास्टर निघालंय आता. बोटं चालतात, हे एवढं लिहिलंय त्यावरून तुला कळलंच असेल. सून यायच्या आत हा कागद फाडून टाकायला हवा, कारण हात बरा झालाय हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.