अडकित्ता आणि निंबाची हमी

लिंबायत, सुरत

श्री. केदारराव यांना विनायकचा, साष्टांग नसला तरी सप्रेम, नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं विचाराल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्राला मात्र शेवटपर्यंत थांबावं लागतं. सौ. मृणालचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचं पित्त कसं आहे? आमच्याकडे सर्व क्षेम, एक घोर संकट वगळता. माझा पितळी अडकित्ता नाहीसा झाला आहे. वडिलांचा अडकित्ता, धार अशी की आपण कापलो गेलो हे सुपारीला उशिरा कळावं. तुम्ही दोघं राहून गेलात तेव्हापासून तो दिसत नाही. सध्या मी सुपारी बत्त्याने फोडतो आणि खालच्या मजल्यावरून प्रमिलाबाई प्रत्येक घावाला "आता काय फोडताय, सर?" म्हणून ओरडतात. (सौ. उषाला हे फार आवडतं. साडूला लिहा, म्हणते, की माझ्या व्यसनाला प्रथमच सार्वजनिक विरोध होतो आहे.)

असो. मुख्य बातमी निंबाची. खिडकीपाशी माझ्याकडे एम. ए.चं संस्कृत शिकत बसलेला तो रुंद खांद्यांचा तरुण तुम्ही पाहिलात. तुम्ही त्याला वायरमन समजून पंखा दाखवलात, आणि त्या बिचाऱ्याने तो पुसून दिला. त्याचे वडील इथेच लूमवर कापड विणतात. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या मारामारीत निंबाच्या हातून एकाचं डोकं फुटलं. माणूस वाचला, निंबाला शिक्षा झाली. तुरुंगातल्या कपाटात दुसऱ्या कुणी हात न लावलेलं एकच पुस्तक उरलं होतं, संस्कृत व्याकरणाचं. ते याच्या वाट्याला आलं. पहाटे हा रूपं घोकू लागला आणि बराकीला वाटलं, मंत्र म्हणतोय. एकाने गळ घातली, माझ्या जामिनासाठी थोडं म्हण. निंबाने प्रामाणिकपणे सांगितलं की हे व्याकरण आहे. तो म्हणाला, व्याकरण तर व्याकरण, पण म्हण. निंबाने नदी शब्द सातही विभक्तींत चालवला, आणि त्या गृहस्थाला खरोखर जामीन मिळाला! पुढे रांगच लागली. (मी आयुष्यभर शाळेत तोच नदी शब्द चालवतो आहे. अद्याप कुणी सुटलेलं नाही, घंटा होईपर्यंत.)

बी. ए. त्याने आतूनच केलं, तेही पहिल्या वर्गात. बाहेर आल्यावर मात्र अडू लागलं, आणि त्याला निम्मा तो स्वतः कारण आहे. कुणी विचारायच्या आत हा सांगून टाकतो. एम. ए.च्या प्रवेशाला कारकुनाने नुसता फोटो मागितला, याने शिक्षा सांगितली; कारकून फोटो घ्यायचाच विसरला. पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये मॅनेजरने चहा मागवला, याने चहा यायच्या आत सांगितलं. चहा आलाच नाही. मी समजावलं, अरे, आधी नमस्कार, मग शिक्षण, मग अनुभव. ती गोष्ट शेवटी, विचारली तर. यावर हा आपल्या घरच्या अहिराणीत म्हणतो, "मांगून कळनं तर जास्त वाईट वाटस, सर." नंतर कळलं तर लोकांना जास्त वाईट वाटतं, म्हणे. मी त्याला पुन्हा नमस्कारापासून सुरुवात करायला लावली.

गेल्या आठवड्यात भेस्तानच्या एका खासगी वाचनालयात मुलाखत होती. मी सोबत गेलो. रिक्षाभर उजळणी घेतली: नमस्कार, शिक्षण, अनुभव. (रिक्षावाल्याचंही पाठ झालं.) दार उघडलं, आणि चपला हातात धरून उंबऱ्यातूनच निंबाने शेठना सांगितलं की मी मारामारीत शिक्षा भोगली आहे, आत येऊ का? मी डोळे मिटून घेतले. शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "बीजा बधा छुपावे, आ तो बारणेथी ज बोले छे. आव भाई, बेस!" (बाकी सगळे लपवतात, हा तर दारातूनच सांगतो. ये बाबा, बैस!)

केदारराव, मी गरजेपुरतं खरं बोलणारा माणूस. त्या उंबऱ्यात मला माझ्या विद्यार्थ्याचा हेवा वाटला. चपला हातात होत्या, पण मान ताठ होती.

शेठनी जागा देऊ केली, एका अटीवर: महिनाअखेरीपर्यंत कुणा जबाबदार माणसाने त्याच्या वर्तनाची लेखी हमी द्यावी. नाहीतर जागा दुसऱ्याला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितक्या जबाबदारपणे मान हलवली. ही नोकरी लागली तर त्याचं एम. ए. पुरं होतं, नाहीतर तो वडिलांशेजारी लूमवर उभा राहणार.

मृणालला आशीर्वाद. पित्तावर सुपारी खाऊ नका.

आपला,
विनायक

ता. क. उषा विचारते, कैरीचं लोणचं या वर्षी मृणालने घातलं की फक्त फोनवर सांगितलं?

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. हमीपत्र टेबलावर आहे, सही राहिली आहे. अडकित्ता निंबा बसतो त्या खिडकीतच असायचा. तो दिसेना तेव्हा मला तुमची बॅग आठवली नाही; निंबाची पिशवी आठवली. त्याला सुपारीचा वास आला तरी शिंका येतात, हे ठाऊक असूनही आठवली. सही मी करणारच आहे, अडकित्ता सापडो न सापडो. तरी तेवढी बॅग एकदा झाडून बघा आणि लगेच फोन करा. या वेळी तुम्हीच बोला. वाचनालयात एखाद्या दिवशी एखादं पुस्तक जागेवर नसेल, आणि सगळे आधी निंबाकडे बघतील. मीही बघेन, अशी मला भीती वाटते.